उंडेलाची वाटी

महिपतचा एक नेम होता. बैल घ्यायचा तर आधी दात बघायचे, मग खांदा. दात वय सांगतात, खांदा काम सांगतो; आणि दोघांचं पटलं नाही तर खांद्याचं ऐकायचं. बैल कोवळ्या वयाचा असला पण घाटाच्या गाडीला जुंपून खांद्याला घट्टे पडले असतील, तर तो म्हातारा समजायचा. वय झालेलं असलं पण खांदा मऊ असला, तर डोळे मिटून कासरा हातात घ्यायचा. या नेमावर त्यानं हयात काढली आणि एकदाही फसला नाही. आसपासच्या वाड्यांतले लोक बैल घ्यायला निघाले की त्याला बरोबर न्यायचे. महिपत बैलाच्या मानेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "थकलाय ह्यो." की सौदा मोडलाच म्हणून समजा.

मैना त्याची सून. लग्न होऊन सात वर्षं झाली, पण नवरा तिला सणासारखा भेटायचा. शिमग्याची पालखी आली की रघू आला, पालखी देवळात बसली की रघू बोटीत बसला. मुंबईत तो मोटारीच्या गॅरेजात होता. आधी गाड्या धुवायचा, मग चालवायला शिकला. सासू मैनेच्या लग्नाआधीच गेलेली. तेव्हा घरात माणसं दोन, मैना आणि सासरा, आणि गोठ्यात बैल दोन, चांद्या आणि गुंड्या. घरातल्या माणसांपेक्षा मैनेचं बोलणं गोठ्यातच जास्त व्हायचं.

रत्नागिरीच्या बंदरावर मुंबईची बोट लागली की पडावाच्या होडीतून किनाऱ्याला उतरलेली माणसं महिपतच्या गाडीत बसून हातखंबा, पालीपर्यंत जायची. पण रस्त्यावर सर्विसच्या मोटारी सुरू झाल्या आणि माणसांना एकाएकी घाई झाली. बंदरावर महिपत गाडी सोडून दिवसभर बसायचा, आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन यायचा. बैलांना वैरण घालताना कुणाला तरी ऐकवल्यासारखं म्हणायचा, "आज पण तुमचा खांदा दुखला नाय रे."

त्या साली शिमग्याला रघू आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आबानू, आपण मोटार घेऊया. मोटार घेतली तर मी मुंबयला जात नाय."

मैना चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात तिथंच राहिला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

महिपत हात धुऊन गोठ्यात गेला. दोन दिवस तो बैलांपाशीच होता. तिसऱ्या दिवशी बैलांना पाणी दाखवून आला आणि पडवीत उभा राहून म्हणाला, "मोटार घेतली तर ऱ्हाशील? नक्की?"

"ऱ्हाईन."

"मंग बघूया मोटारी."

नवी मोटार या घराला स्वप्नातही परवडणारी नव्हती. बघायच्या होत्या त्या वापरलेल्या, आणि अशा त्या वेळी दोनच होत्या. पहिली रत्नागिरीत, एका सर्विसवाल्याच्या छपरात. तीन वर्षांची, पण रोज आंबा घाट चढलेली आणि उतरलेली. रघूनं इंजिन चालू करून कान लावला आणि मान डोलावली. मैलांचा आकडा बघितला तेव्हा मात्र तोही हसला. "कोल्हापूर सोडा, ही काशीला जाऊन आली असंल," म्हणाला. "पण चालती हाय, आबानू. रोज चालणारीचं सगळं जागेवर असतं."

महिपत इंजिनाकडे बघतच नव्हता. तो वाकून आत हात घालून चाचपत होता. ब्रेक-क्लचच्या पायाखालच्या पट्ट्या झिजून लोखंड दिसत होतं. बसायची गादी एका अंगाला खचली होती. त्यानं हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "खांदा गेलाय हिचा."

दुसरी मोटार आप्पा खोतांची. तिला सगळे 'निळी' म्हणत. बैलगाडी जोडून तिघंही बघायला गेले. मैनेलाही घेतलं, कारण तिकडून येताना तिच्या माहेरावरून यायचं होतं. निळी खोतांच्या मांगरात, घरामागच्या छपरात, उभी होती, अंगावर चादर पांघरून. नऊ पावसाळे झालेले, पण रंग असा की तोंड बघावं. मैलांचा आकडा इतका थोडा की रघूनं काच पुसून पुन्हा बघितला.

"चालवलीच नाय आप्पानू तुमी?" महिपतनं विचारलं.

"कोण चालवणार?" आप्पा म्हणाले. "मुलासाठी घेतली होती. म्हटलं, मोटार असली तर घरी राहील. तो गेला शिकायला, तिकडंच बायको केलीन. ही बसली इथं." असं म्हणून त्यांनी चादरीची घडी घातली आणि ती कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरून उभे राहिले.

महिपतनं पट्ट्यांवर हात फिरवला. गादी दाबली. चाक, दांडा, दाराची मूठ, सगळं चाचपलं. मग मैनेकडे वळून हळूच म्हणाला, "खांदा कोवळा हाय गो."

रघू चाकांपाशी बसला होता. "आबानू, इकडं या. ह्या भेगा बघा. लोखंडाला मैल लागतात, पण रबराला वय लागतं. हिचं रबर नऊ पावसाळे नुस्तं बसून हाय. त्या सर्विसवालीची चाकं गेल्या साली घातलेली हायत."

"भेगा माझ्या टाचांना पण पडतात उन्हाळ्यात. म्हणून काय पाय टाकून देऊ?"

रघू हसला. मैनाही पदराआड हसली. रघूनं तिच्याकडे बघितलं, आणि तिनं निळीकडे बघितलं. तिला आपली निळी आवडली होती. एवढ्या सुंदर वस्तूत काही वाईट असेल असं तिच्या मनात आलंच नाही. रघू उठून हात झटकत म्हणाला, "बैल तुमचे जाणार. तुमी म्हणाल ती."

बैल आणि गाडी वरच्या वाडीतल्या बाबल्यानं घेतले. बाबल्या मनानं वाईट नव्हता, पण तोंडाचा सैल. कासरा हातात घेताना म्हणाला, "म्हैपतदादा, आता मोटारीला वैरण नको, शेण पण नाय मिळायचं." महिपत हसला नाही. त्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा तेवढ्या काढून घेतल्या आणि निळीच्या दिव्यांना बांधल्या. गोठ्याचा पुढचा कूड मोडून निळी आत घेतली. मैना सकाळी सवयीनं शेणाची पाटी घेऊन गोठ्यात गेली आणि मोटार बघून तशीच परत आली.

चैत्र-वैशाखाचे ते दोन महिने मैनेला पुढं जन्मभर पुरले. बोट लागायच्या दिवशी रघू पहाटे निघायचा, आंब्याच्या पेट्या बंदरावर पोचवायचा, येताना माणसं आणायचा, आणि दिवेलागणीला घुंगरं वाजवत घरी यायचा. अंगाला पेट्रोलचा वास. शेजारणी विहिरीवर चिडवायच्या, "मैने, तुझ्या पण लुगड्याला वास येतो हां त्याचा." ती खोटं खोटं रागवायची. चाक दोनदा बसलं, पण रघूनं वाटेतच ठिगळ मारलं आणि कुणाची खोटी झाली नाही. महिपत शेजारच्या जागेवर ताठ बसून जायचा, आणि समोरून बैलगाडी आली की रघूच्या दंडावर हात ठेवायचा, सावकाश घे म्हणून.

मग पावसाळा तोंडावर आला. बोटी बंद होणार, रस्त्यात गुडघाभर चिखल होणार, मोटार चार महिने गोठ्यातच. रघू म्हणाला, "तेवढ्यात मी गॅरेजात ऱ्हाऊन इंजिन खोलायला शिकून येतो. ह्यो शेवटचा फेरा."

"शेवटचा?" मैनेनं विचारलं.

"दसऱ्याला इथं हाय मी. निळी सोडून कुठं जातोय?"

बायको सोडून असं तो म्हणाला नाही, पण मैनेनं ते तसंच घेतलं. जाताना त्यानं निळीचे आस चिऱ्यांवर टेकवले, चाकं अधांतरी केली आणि बापाला बजावलं, "पाण्यापासनं जपा. दुसरं काय नको." शेवटच्या बोटीनं तो गेला.

दुसरं काय नको म्हणाला खरा. पण आगोटीला गाडीवान स्वस्थ बसतो होय? पाऊस लागायच्या आधी गाडीची चाकं वंगणायची, जुवाच्या वाद्या उंडेलात भिजवून चोळायच्या, हे महिपतच्या हाडात भिनलेलं. उंडेल म्हणजे उंडीच्या फळांचं कडू तेल. ते दिव्यात जळतं, होड्यांना लागतं, आणि सुकून भेगाळलेलं चामडं त्यानं लोण्यासारखं मऊ पडतं. महिपत निळीच्या चाकांपुढं बसला, भेगांवरून बोट फिरवलं आणि हाक मारली, "मैने, उंडेल हाय काय गो?"

मैनेनं वाटी भरून आणली. ती वाटी धरून बसली आणि म्हातारा चिंधीनं तेल चोळत राहिला, चाकाला आतून बाहेरून, जसं तान्ह्या पोराला चोळावं. काळं रबर चमकायला लागलं. "तहानलंय बघ," तो म्हणाला. "नऊ साल कुणी थेंब घातला नाय."

मग दर अमावास्येला ते ठरूनच गेलं. उंडेल दिव्यालाही लागायचं आणि घरात होतं ते एवढंसंच. तेव्हा मैनेनं दिवा लावायचा सोडला. चुलीच्या उजेडात जेवायची दोघं. तिला वाटायचं, आपण एवढं करू तेवढा तो लवकर येईल.

लावणीला बैल नव्हते. बाबल्यानं बैल दिले, पण त्याच्या बदल्यात सासऱ्या-सुनेनं त्याची लावणी करून द्यायची असं ठरलं. ओणवं राहून राहून मैनेची कंबर धरली, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. महिपत आपल्याच बैलांमागं दुसऱ्याचा नांगरगडी म्हणून उभा राहिला. चांद्यानं त्याला बघून मान फिरवली आणि त्याचं इरलं हुंगलं. बाबल्या बांधावरून म्हणाला, "ओळखतो अजून." महिपत म्हणाला, "जनावर हाय. ओळखणारच." आणि नांगर दाबला.

श्रावणातल्या अमावास्येला तेल लावताना त्यानं चाकात अंगठा रुतवला. अंगठा जरा आत गेला. त्याचा चेहरा उजळला. "बघ गो, कसा मऊ पडलाय. दगड होता दगड. रघ्या आला की बघेल." मैनेनंही अंगठा लावून बघितला. खरंच मऊ लागलं. तिला बरं वाटलं.

रघू दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बोटीनं आला. दसऱ्याला पहाटे उठून महिपतनं निळी धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. रघू उठून गोठ्यात आला तेव्हा ती नवरीसारखी उभी होती. "चाकं नव्यागत दिसतात," तो म्हणाला आणि बापाच्या पाठीवर हात ठेवला. पंपानं हवा भरली, चिरे काढून निळी जमिनीवर घेतली. दांडा फिरवला, इंजिन खोकलं आणि चालू झालं. एवढ्यात पालीच्या देवीला जाणारे वाडीतले सात-आठ जण गोळा झालेच, बाया, म्हातारी माणसं. महिपत पुढं आपल्या जागेवर, आणि मानाचं म्हणून मैनेलाही बसवलं. ती मोटारीत पहिल्यांदाच बसत होती.

हातखंब्याच्या अलीकडं उतार आहे. तिथं निळी एकदम एका अंगाला ओढायला लागली. रघूनं हातातलं चाक गच्च धरलं. काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, मग दणका, आणि निळी रस्ता सोडून बाजूच्या चरात जाऊन चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. मैना दारावर फेकली गेली. सगळे ओरडायला लागले. भिकाजी न्हाव्याच्या म्हातारीचा हात मनगटात मोडला होता. ती रडत नव्हती, नुसती हाताकडे बघत होती, आणि म्हणत होती, "देवीला काय म्हणून निघाले मी?"

मागून बाबल्याची गाडी आली. तोही देवीलाच निघाला होता. त्यानं काही विचारलं नाही, म्हातारीला उचलून गाडीत ठेवलं, बाकीचेही चढले. कुणी महिपतकडे बघितलं नाही. चांद्या आणि गुंड्या घुंगरांशिवाय चालत गेले.

रघू चाकापाशी उकिडवा बसला होता. पुढचं रबर बाजूनं फाटून लोंबत होतं. त्यानं ते चिमटीत धरलं तर तुकडा हातात आला. त्यानं बोटं नाकाशी नेली. मग दुसरं चाक, मग तिसरं, मग चौथं. प्रत्येकाला अंगठा लावून त्यानं वास घेतला. शेवटी मान वर करून आधी बापाकडे बघितलं, मग मैनेकडे. तिला काय ते कळलं नव्हतं, पण कुणाकडून झालं ते कळलं.

"काय झालं रे?" महिपतनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

रघूनं बोटं मातीत पुसली. "वय झालं होतं रबराचं, आबानू. वयानं खाल्लं."

म्हातारा रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "म्हंजे तू सांगत होतास तेच खरं. मी आपला खांदा बघत बसलो."

"खांदा बरा होता," रघू म्हणाला.

त्या दुपारी बाबल्या देवीहून परतला तेव्हा त्यानंच गाडीचे बैल सोडून दोरानं निळीला जुंपले आणि ती ओढत घरी आणून टाकली. भाडं घेतलं नाही. ते मैनेला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रघू तिला विहिरीवर गाठून म्हणाला, "किती तेल लावलंत?"

"दर अवसेला. वाटीभर." ती म्हणाली. "मी वाटी धरत होते."

"रबराला तेल म्हंजे विष. चामडं मऊ पडतं, रबर सडतं. चारही गेली." त्यानं विहिरीत बघितलं. "चूक माझी. पाण्यापासनं जपा म्हणून गेलो, तेलापासनं जपा म्हणायचं सुचलं नाय. कुणाला सुचलं असतं? पण त्याला सांगू नको, मैने. बैल गेले, मोटार गेली. आपले हात बरे हायत एवढं तरी त्याला वाटू दे."

"आणि तुमी?"

"आस वाकलाय, चाकं गेली. इथं बसून काय करू? चाकं घेऊन येतो."

"तुमी ऱ्हाल म्हणून मामंजी बैल देऊन बसले."

"म्हणूनच जातोय," रघू म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरची कळशी स्वतः उचलून घरापर्यंत घेऊन आला. वाडीत असं कुणी पुरुष करत नसे. बाया बघत होत्या, आणि त्या दिवशी कुणी चिडवलं नाही. बोटीला तो गेला तेव्हा मैना बंदरापर्यंत चालत गेली. पडाव बोटीला लागेपर्यंत ती वाळूत उभी होती. तिला रडू आलं ते पडाव परत रिकामा आला तेव्हा.

शिमग्याला रघू आला. चाकांशिवाय आला. "पुढल्या साली आणतो," म्हणाला. महिपतनं मान हलवली. चार दिवस राहून रघू गेला. जाताना गोठ्याकडं तो फिरकला नाही, आणि मैनेला तेव्हाच कळलं की चाकं येणार नाहीत. मुंबईत त्याला आता दुसरं काम होतं, खोली होती. तो वाईट माणूस नव्हता. पण घरी राहायला माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण गोठ्यात चिऱ्यांवर टेकून उभं होतं.

मग आगोट आली. आभाळ दाटून आलं, लोकांनी घरं शाकारली, गवताच्या वळईवर माडाचे झाप घातले. मैना मागच्या पडवीत लाकडं रचत होती. गोठ्यातून हाक आली.

"मैने, उंडेल हाय काय गो?"

ती लाकूड हातात धरून उभी राहिली. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं तिच्या. सांगितलं तर निदान तेल तरी वाचेल, दिवा लागेल घरात. ती गोठ्याच्या तोंडाशी गेली. म्हातारा चिंधी घेऊन बसलाच होता. वर्षभरात त्याच्या गालाची हाडं वर आली होती. फाटक्या चाकाला त्यानं आतून पोत्याचा तुकडा लावून सुतळीनं शिवलं होतं, टाके जवळजवळ आणि सरळ.

"मी इचार केला," तो म्हणाला. "रघ्या म्हणतो वयानं गेलं. बरोबर हाय. पण वय झालं म्हंजे तेल जास्त लागतं की नाय? आपलं कमी पडलं गो, मैने. अवसेच्या अवसेला लावून काय होतंय? ह्या साली आठवड्याला लावूया. आणि तो नवी आणील ना, त्यांना पयल्या दिवसापासनं."

मैना घरात गेली. मडकं कलतं करून तिनं वाटी भरली, मागच्या सालापेक्षा जरा जास्तच, आणि येऊन त्याच्याजवळ बसली. म्हाताऱ्यानं चिंधी बुडवली आणि चोळायला लागला, आतून बाहेरून. हात त्याचे चांगले होते. कुठं घाई नाही, कुठं जागा सुटत नाही. बाहेर पहिले टपोरे थेंब झापांवर वाजायला लागले.

जरा वेळानं त्यानं चाकात अंगठा रुतवला. अंगठा निम्मा आत गेला.

"मऊ पडलाय ना गो?"

"पडलाय, मामंजी," मैना म्हणाली, आणि त्याचा हात सहज पोचावा म्हणून वाटी जरा पुढं धरली.